स्वतः चाललो

ता. ३, सोमवार

पोहोचलो. गाडी दोन तास उशिरा आली, डब्यात उभं राहून पाय भरून आले, पण मन इतकं हलकं होतं की स्टेशनाबाहेर रिक्षा न करता चालतच निघालो. स्टेशन ते खोली, एक हजार तीनशे बारा पावलं. माझं पाऊल अडीच फुटांचं आहे, ना कमी ना जास्त. मोजणी खात्यात सव्वीस वर्षं होतो, आधी साखळी धरली, मग फीत धरली. साहेब लोक घाईत असले की फीत गुंडाळून ठेवत आणि मला म्हणत, तू नुसता चाल.

खोली एका शिंप्याच्या दुकानावर आहे. खाली मशीन चाललं की वर फरशी गुदगुल्या केल्यासारखी थरथरते. खाटेचा एक पाय आखूड होता, त्याखाली शिंप्याने लगेच चिंध्यांची उशी करून सरकवली. पंखा जोरात लावू नका, म्हणाला, तो स्वतःच्याच आवाजाला घाबरून बंद पडतो.

घरी फोन केला. ही म्हणाली, स्वतःच्या घरात मिठाची बरणी सापडत नाही आणि चाललेत लोकांना रस्ते दाखवायला. मी हसलो. खात्याने आमची जागाच काढून टाकल्यावर सहा महिने घरी बसलो होतो. तेव्हा तिने एकदाही टोमणा मारला नाही. आज मारला, म्हणजे तिलाही बरं वाटलं असावं.

नवी वही घेतली. पहिल्या पानावर देवाचं नाव लिहिलं, मग हे.

ता. ५, बुधवार

कामाची जागा म्हणजे जुन्या छापखान्याच्या तीन खोल्या. भिंतींना अजून शाईचा वास आहे. मुख्य बाई माझ्या पुतणीच्या वयाच्या. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतात, त्या मला काका. दुसरा एकजण संगणकाचं काम करतो. खोलीत त्याच्या आधी त्याची दाढी येते, म्हणून त्याला दाढीच म्हणतात.

इथे जे फोन बनतात ते मुक्त फोन. आतलं काहीच झाकलेलं नाही, कुणीही उघडावं, वाचावं, दुरुस्त करावं. कुणा कंपनीची मालकी नाही. पण त्यामुळेच कंपन्यांचे नकाशे त्यात चालत नाहीत. फोनला आकाशातून आपण कुठे उभे आहोत ते बरोबर कळतं, पण पायाखाली रस्ता आहे की विहीर ते कळत नाही. दाढी म्हणतो, आपला फोन म्हणजे पत्ता घरी विसरून निघालेला जावई. रुबाब पूर्ण, जायचं कुठे ठाऊक नाही.

जगभरातली साधी माणसं मिळून एक फुकट नकाशा काढतात, तो यात घालता येतो. पण त्यात हे गाव जवळजवळ कोरं आहे. दोन मोठे रस्ते, स्टेशन, आणि कुणा भल्या माणसाने काढलेली एक टपालपेटी. आकाशातून घेतलेले फोटो आहेत, पण ते जुने, आणि अर्ध्या गावावर ढग. म्हणून मला बोलावलं. चालायचं, फोनमध्ये माग उमटतो, संध्याकाळी बसून त्या मागावर रस्त्याची रेघ काढायची.

अठरा तारखेला बारा फोन दवाखान्याच्या सिस्टरना द्यायचे आहेत. त्या घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेले रुग्ण आणि बाळंतिणी बघतात. त्यांना घरं सापडली, तर काम पुढे चालेल.

एक नियम मला फार आवडला. रेघ काढली की मशीन विचारतं : हे तुम्हाला कसं कळलं? उत्तरं तीन. स्वतः चाललो. रहिवाशाने सांगितलं. माहीत नाही. त्याखाली आपलं नाव. रेघ नंतर पुसली तरी कुणी काढली आणि कुणी पुसली ते कायम राहतं. आमच्या शाळेतले गुरुजीही हेच विचारायचे. नदीला पूर आलाय म्हटलं की, तू पाहिलास का? पाहिला नसेल तर खाली बस.

ता. ११, मंगळवार

रोज सकाळी पाच मिनिटं हात जोडून बसतो आणि निघतो. आठ दिवसांत गावाचा पूर्वेकडचा भाग पूर्ण झाला. कोऱ्या पडद्यावर आपण चाललेली गल्ली उमटते तेव्हा वाटतं, देवानेही पहिल्या दिवशी असंच काहीसं केलं असेल. लिहिलं आणि लाज वाटली. पण खोडत नाही.

आज एक सिस्टर भेटली. चाळिशीची, खांद्याला औषधांची पिशवी, चालणं माझ्याहून वेगाचं. तिचे यजमान घड्याळं दुरुस्त करतात. दुपारी एकला ते कुठेही गाठून तिला डबा देतात आणि ती उभ्याउभ्याच खाते. तिने विचारलं, काका, तुम्ही म्हणे पावलं मोजता, मग बायकोने बाजारात पाठवलं की किती पावलांत पळून येता? यजमान हसले. त्यांनी माझ्या मनगटावरचं बंद घड्याळ पाहिलं आणि त्यांना ते पाहवेना, एवढंच मला दिसलं.

गुडघा थोडा दुखतो.

ता. १७, सोमवार

गुडघा सुजून नारळाएवढा झालाय. तीन दिवस खोलीतच. उद्या फोन द्यायचे आहेत आणि तेलगिरणीच्या मागचा सगळा भाग कोरा. बाई काल स्वतः जिना चढून आल्या. म्हणाल्या, काका, नाही झालं तर नाही झालं, तेवढा तुकडा आपण कोराच ठेवू. अशा बोलण्याने माणूस जास्त मेल्यासारखा होतो.

शिंप्याकडे गावाचा एक छापील नकाशा आहे. पुस्तकाच्या दुकानात मिळतो तसला, घडीचा. खाली बारीक अक्षरात नक्कल करण्यास मनाई. आमच्या कामात हे चोरीच्या बरोबरीचं. दुसऱ्याच्या नकाशावरून एक रेघही उतरवायची नाही, हे पहिल्याच दिवशी दाढीने सांगितलं होतं.

आज दुपारी मी त्यावरून अकरा गल्ल्या उतरवल्या.

अकरावीचं नाव मधली गल्ली. तेलगिरणीच्या रस्त्यावरून निघून पलीकडे तलावाच्या रस्त्याला मिळणारी. तिचं पलीकडचं टोक नकाशाच्या घडीत गेलं होतं, कागद तिथे झिजून पांढरा झाला होता. अंदाजाने जोडलं. प्रमाणाने एकशे नव्वद पावलं भरते.

हे तुम्हाला कसं कळलं?

अकराही वेळा लिहिलं, स्वतः चाललो.

गुडघा बरा झाला की पहिलं काम, या अकरा गल्ल्या चालून यायच्या. म्हणजे खोटं राहणार नाही. फक्त तारीख मागेपुढे.

ता. १९, बुधवार

काल फोन वाटले. बाईंनी सगळ्यांसमोर मला उभं केलं आणि म्हणाल्या, या नकाशातली एकेक रेघ काकांच्या पायाखालून गेलेली आहे. टाळ्या वाजल्या. मी खाली बघत राहिलो. सगळ्यांना वाटलं, केवढा विनय.

आज चहाच्या वेळी दाढी गंमत सांगत होता. छापील नकाशे विकणारे त्यात एखादी खोटी गल्ली मुद्दाम घालतात. जमिनीवर नसलेली. कुणी नक्कल केली की ती गल्लीही त्याच्या नकाशात येते आणि चोर सापडतो. उंदरासाठी चपातीचा तुकडा ठेवावा तशी. सगळे हसले. मीही हसलो. कपातला चहा बशीत सांडला आणि तिथून माझ्या पायजम्यावर.

ता. २०, गुरुवार

गुडघ्याला पट्टी बांधून गेलो. अकरापैकी दहा गल्ल्या जिथल्या तिथे आहेत.

मधली गल्ली नाही. तेलगिरणीची भिंत संपते तिथेच रिकाम्या पिंपांचं दुकान सुरू होतं. मधे चार बोटांची फट, तीत एक गंजलेला पाइप. दुकानदाराला विचारलं, इथून पलीकडे जायला वाट होती का कधी? तो म्हणाला, माझ्या आजोबांपासून दुकान आहे, आणि वाट असती तर मी पिंपं नसती का ठेवली तिच्यात?

पलीकडे तलावाच्या रस्त्याने फिरून आलो. तिथेही सलग घरं.

पुसून टाकायला हवी. पण पुसली की नोंद दिसणार. काढली तीन दिवसांपूर्वी, स्वतः चाललो. पुसली आज, गल्ली नाही. दाढीला एका नजरेत कळेल. बाईंना कळेल.

शेवटी स्वतःला समजावलं की तिथे कोण जातंय. गेलंच कुणी, तर भिंत दिसेल, परत फिरेल.

ता. २२, शनिवार

सिस्टर आली होती, फोन गळ्यात अडकवायची पट्टी बदलून घ्यायला. मला बघून म्हणाली, काका, तुमच्या मधल्या गल्लीने माझी रोजची दहा मिनिटं वाचवली, पोटभर आशीर्वाद घ्या.

मी विचारलं, कुठली?

म्हणाली, अहो, तेलगिरणीपासची. उन्हातून आत शिरलं की काय गारवा आहे तिथे. आणि माणसं फार मायाळू. पिशवी बघून ओळखतात, एक म्हातारबुवा तर हात पुढे करूनच बसलेले असतात, नाडी बघा म्हणून. सारखे विचारतात, ही गल्ली कुणी दाखवली. मी तुमचं सांगितलं.

मला वाटलं, माझी चोरी कळलीय आणि ही चेष्टा करतेय. पण तिच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती.

त्या वेळी सांगायला हवं होतं. बाई शेजारच्या टेबलावर होत्या. मी एवढंच म्हणालो की तलावाच्या रस्त्याने वळसा घालूनच जात जा, तेच बरं. ती हसली. म्हणाली, स्वतःच्या हाताने रस्ता काढायचा आणि वर जाऊ नको म्हणायचं, तुम्ही मोजणीवाले म्हणजे अगदी सासूच्या वरताण.

ती गेल्यावर तिचा माग उघडला. सगळ्या फोनचे माग इथे जमा होतात, ठिपक्या-ठिपक्यांची ओळ. तेलगिरणीच्या रस्त्यावरून तिची ओळ वळली आहे आणि माझ्या रेघेवरून सरळ गेली आहे. अगदी रेघेवरून. खऱ्या रस्त्यावरचे ठिपके असे नसतात. ते थोडे इकडे, थोडे तिकडे पडतात.

ता. २५, मंगळवार

तिचे कामाच्या मागच्या चार दिवसांचे माग मांडून पाहिले. एकशे नव्वद पावलांची गल्ली.

शुक्रवारी ती तीन मिनिटांत पार झाली.
शनिवारी नऊ.
काल सव्वीस.
आज एक तास दहा मिनिटं.

आज सकाळी पुन्हा तिथे गेलो होतो. भिंत. पाइप. दुकानदार म्हणाला, तुम्ही अजून वाटच शोधताय? मी फटीत हात घालून पाहिला. कोपरापर्यंत गेला. आत गार होतं.

सकाळचं हात जोडून बसणं दोन दिवस राहून गेलं आहे. बसलो की वाटतं, समोरून कुणीतरी विचारील, तू पाहिलंस का?

उद्या बाईंना सांगणार. नक्की.

ता. २६, बुधवार

सांगितलं नाही. सकाळी बाई कुणाशी तरी बोलत होत्या, मग दाढी आला, मग—

कारणं लिहून काय उपयोग.

दुपारी एक वाजता घड्याळजी डबा घेऊन तलावाच्या रस्त्यावर उभे राहिले. ती आली नाही. तीनला ते दवाखान्यात गेले. पाचला इथे.

ता. २७, गुरुवार

ती रात्रभर घरी आली नाही. फोन मात्र चालू आहे. उचलत नाही, पण ठिपके येतात. सगळे माझ्या रेघेवर.

सकाळी पोलीस आले. बाईंनी पडद्यावर ती जागा काढली, रेघेला हात लावला. माझं नाव उमटलं. बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, काका, या गल्लीतून तुम्ही स्वतः चाललात ना?

घड्याळजी बाकावर बसले होते. मांडीवर कालचाच डबा.

मी म्हणालो, हो.

पलीकडे कुठे निघते, असं पोलिसाने विचारलं. मी म्हणालो, तलावाच्या रस्त्याला. तो म्हणाला, मग फोन इथे कुठेतरी पडलाय आणि सिस्टर पुढे तलावाकडे गेली. सगळे तलावाकडे गेले. दिवसभर गळ टाकून पाणी धुंडाळताहेत. माझ्या एका शब्दावर.

त्यांच्यातला एकजण वाटेत तेलगिरणीला थांबला होता म्हणे. गल्ली दिसली नाही. त्याला वाटलं, आपणच चुकलो. नकाशात आहे, मोजणीदाराने चालून काढली आहे, म्हणजे असणारच.

दुपारी घड्याळजी माझ्या शेजारी येऊन बसले. हातांना काहीतरी हवं म्हणून असेल, माझं मनगट धरून घड्याळ काढून घेतलं, खिशातल्या बारीक हत्याराने उघडलं, फुंकर मारली, चालू केलं, परत बांधलं. म्हणाले, तुम्ही तिला खूप आवडता दादा. घरी तुमचंच कौतुक. मोजणीदारांनी काढलंय म्हणजे डोळे मिटून जावं.

घड्याळ चालू आहे. मनगटावर ते ऐकू येतं.

ता. २७, संध्याकाळ

सगळे गेल्यावर रेघ पुसली.

मनाशी म्हटलं, गल्ली नाहीशी झाली की ती बाहेर पडेल, भिंतीपाशी, उन्हात. पण हे खरं नाही. ती बाहेर पडावी म्हणून नाही पुसली. नोंदीत राहणार हे ठाऊक असूनही, पडद्यावर माझं नाव दिसू नये म्हणून पुसली.

ठिपके थांबले नाहीत. आता ते कोऱ्या जागेवर येताहेत. पुढे जातात, मागे येतात, पुन्हा पुढे. आधी सरळ होते, आता कडेने चाचपत गेल्यासारखे. एका टोकाला जाऊन बराच वेळ थांबतात. तिथेच. मग दुसऱ्या टोकाला.

मी तिच्यावर दार लावलं.

ता. २८, शुक्रवार

रात्री झोप नाही. तिचे ठिपके आता फक्त वीस-पंचवीस पावलांत फिरतात. कोरी जागा आकसत चालली आहे, किंवा ती थकली आहे.

रेघ परत काढली. जशीच्या तशी. पण तिच्या फोनमध्ये ती उतरत नाही. दाढी नेहमी सांगतो, पुसलेली रेघ फोनमधून लगेच जाते, पण नवी रेघ बाहेरच्या हवेत आल्याशिवाय फोन उचलत नाही. तिच्या फोनमध्ये पुसलेलाच नकाशा असणार. तिला समोर वाट दिसणारच नाही.

माझ्या फोनमध्ये दिसते.

रेघ काढताना मशीनने विचारलं, हे तुम्हाला कसं कळलं? तीन उत्तरांतलं एकही खरं नाही. खाली शेरा लिहायची रिकामी जागा असते. तिथे लिहिलं : चाललो नाही. छापील नकाशावरून चोरून उतरवली. गल्ली खोटी आहे. सिस्टर तिच्यात आहेत.

आता हे कुणीही वाचू शकतं. उद्या वाचतील. अंगावरचा सदरा काढून चौकात उभं राहिल्यासारखं वाटलं, आणि त्याहून विचित्र म्हणजे थोडं बरंही वाटलं.

ता. २९, शनिवार, सकाळ

पाच मिनिटं बसलो. कुणी काही विचारलं नाही.

बाईंच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. सिस्टरचा ठिपका तेलगिरणीच्या रस्त्यावर आला की त्याच क्षणी मधली गल्ली पुसून टाका. क्षणभरही थांबू नका. गल्लीचं तोंड उघडं राहिलं तर उद्या दुसरं कुणी जाईल. मागची नोंद वाचा म्हणजे कारण कळेल.

आणि खाली लिहिलं, मी सकाळच्या गाडीने गावी जात आहे. तोंड दाखवायला जागा नाही. शोधू नये.

मी गावी जात नाही. पण आत जातो आहे असं लिहिलं असतं तर बाई धावत आल्या असत्या, दाढी आला असता, घड्याळजी. त्यांच्या डोळ्यांसमोरून चालत जाणं मला जमलं नसतं. परत आलो की सांगीनच सगळं.

वही बरोबर घेतली आहे.

ता. २९, दुपार

गल्ली आहे.

या वेळी भिंतीकडे न बघता फोनमधल्या रेघेवर नजर ठेवून चाललो. भिंत आणि पिंपांचं दुकान यांच्यामध्ये, मी काढली तेवढीच रुंद. दुकानदार पिंप पुशीत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, गल्लीकडे पाहिलं नाही.

ऊन नाही. सावलीही नाही. घरं एकाच बाजूला. दारं आहेत, खिडक्या नाहीत. मी काढल्याच नव्हत्या. दारांवर क्रमांक नाहीत. तेही नाही काढले.

पावलं मोजतो आहे. एकशे नव्वद केव्हाच झाली.

सहाशे बारा पावलांवर सिस्टर. एका पायरीवर बसली आहे, पिशवी मांडीवर. समोर माणसांची रांग. सगळ्यांचे हात पुढे.

मला बघून म्हणाली, बरं झालं काका आलात, हे लोक सोडतच नाहीत. एकाचीही नाडी लागत नाही हो मला, म्हणून परत परत बघतेय. एक वाजायला आला ना? हे डबा घेऊन थांबले असतील.

तिला अजून बुधवारच वाटतो आहे.

मी सांगितलं. सगळं. छापील नकाशा, घडी, गुडघा, टाळ्या, पोलीस, पुसलेली रेघ. उभ्यानेच सांगितलं, तिच्या पायांकडे बघत. रांग ऐकत होती. तिने पिशवीचा बंद बांधला. मग म्हणाली, मला शनिवारीच सांगितलं असतंत तर मी हसले असते हो काका. नुसती हसले असते.

माझा फोन तिला दिला. त्यात रेघ आहे. म्हटलं, हिच्यावरून जा, मागे वळू नका. म्हणाली, आणि तुम्ही? म्हटलं, मी मागेच आहे, पावलं मोजत येतो. गुडघा आहे ना.

गेली. तिच्या चपलांचा आवाज बराच वेळ—

आता नाही.

मी निघतो.

.

दोनशे. म्हातारा वाटेत बसला आहे. हात पुढे. ही तुम्हीच काढलीत ना, असं विचारतो. हो म्हणालो.

चारशे अकरा. बाकीचे मागून. घाई नाही त्यांना. विचारतात दुसरं टोक कुठे. मी म्हटलं, घडीत गेलं होतं, मला दिसलं नाही, अंदाजाने—

त्यांना समजलं नाही. पुन्हा विचारतात.

सहाशे बारा. इथे तोंड असायला हवं होतं.

उजेड आहे. पुढे. दाराएवढा.

ती बाहेर पोहोचली असेल. घड्याळजी असतील. डबा. देवा, एवढं तरी खरं असू दे.

आणि बाईंना ठिपका दिसला असेल. चिठ्ठी समोर. क्षणभरही थांबू नका. मी गाडीत आहे, असंच त्यांना— सिस्टर सांगेल, पण ती धावत पोहोचेपर्यंत—

माझा ठिपकाही नाही. फोन तिच्याकडे.

मीच लिहिलं. लाज वाटली म्हणून.

सातशे ऐंशी. उजेड हाताएवढा.

म्हातारा मनगट धरतो आहे. नाडी बघतो. घड्याळाला कान लावतो. चालतंय.

नऊशे. उजेड रेघेएवढा. माझ्याच रेघेएवढा बारीक— आता खरं लिहिता येतं. मोजून. हे तुम्हाला कसं कळलं. स्वतः चा